एक सर्व्हर तसाच राहू दे

परदेशात येऊन मला पाचवा महिना लागला होता आणि ही माझी दुसरीच ऑन-कॉल रात्र, म्हणजे काही बिघडलं तर मीच बघायचं. डेटाबेस जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर हलवायचा होता. अ‍ॅप्लिकेशनला डेटाबेसचं फक्त नाव माहीत असतं. त्या नावामागचा आयपी अ‍ॅड्रेस डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेत) बदलला की काम झालं, असा सरळ बेत होता. त्या नोंदीचा, म्हणजे रेकॉर्डचा टीटीएल (उत्तर साठवून ठेवायची मुदत) ६० सेकंद, म्हणजे जुनं उत्तर मिनिटभरापलीकडे कोणी धरून ठेवायचं नाही.

रेकॉर्ड बदलला. डीएनएसला विचारणारी 'डिग' ही कमांड चालवून पाहिली, तर मिनिटाच्या आत नवा अ‍ॅड्रेस दिसू लागला. जुनं मशीन बंद केलं आणि आमचं काम चालवणाऱ्या सहाही सर्व्हरच्या लॉगमध्ये एकच ओळ धो धो वाहू लागली: कनेक्शन टाइम्ड आउट. त्या ओळीत आयपी मात्र जुनाच. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी तोच.

सगळे सर्व्हर रीस्टार्ट करायची कमांड मी टाइप करून ठेवली होती. फोनवर आमचा टीम लीड होता. तो म्हणाला, "पाच रीस्टार्ट कर. सहाव्याकडे ट्रॅफिक पाठवणं थांबव, पण तो तसाच राहू दे." आजारी सर्व्हर मुद्दाम आजारीच ठेवायचा, हे मला तेव्हा फार विचित्र वाटलं. रीस्टार्ट झालेले पाच लगेच नव्या मशीनशी बोलू लागले. वापरणाऱ्यांचं काम सुरू झालं आणि सहाव्याजवळ आम्ही निवांत बसलो.

ऑपरेटिंग सिस्टिमला नावाचा पत्ता विचारणारी 'गेटएंट होस्ट्स' ही कमांड त्या सर्व्हरवर चालवली. ऑपरेटिंग सिस्टिम नवा अ‍ॅड्रेस सांगत होती. म्हणजे जुना अ‍ॅड्रेस आमचा प्रोग्रॅम ज्यात चालतो त्या जावाच्या प्रोसेसनेच पोटात धरून ठेवला होता. जावाचा स्वतःचा कॅशे (मिळालेल्या उत्तरांचा साठा) असतो आणि तो रेकॉर्डचा टीटीएल बघतच नाही. 'नेटवर्कअ‍ॅड्रेस.कॅशे.टीटीएल' या सेटिंगमध्ये जो आकडा असेल तो खरा. काहीच लिहिलं नसेल तर सहसा ३० सेकंद. पण सिक्युरिटी मॅनेजर (कोडला काय करू द्यायचं हे ठरवणारी जावाची जुनी सोय) चालू असेल तर मिळालेलं उत्तर प्रोसेस मरेपर्यंत तसंच. आमच्या जुन्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये तो चालू होता. जावा २४ पासून सिक्युरिटी मॅनेजर कायमचा बंद झाला आहे, पण जुन्या जावावर चालणारी अ‍ॅप्लिकेशन्स अजून भरपूर आहेत.

खरी गोम पुढेच होती. त्याच स्क्रिप्टमध्ये कोणीतरी हे सेटिंग मायनस डी (जावा सुरू करताना सिस्टिम प्रॉपर्टी द्यायची खूण) लावून ६० लिहून ठेवलं होतं. वाचणाऱ्याला वाटावं, बंदोबस्त झालेला आहे. पण ही सिस्टिम प्रॉपर्टी नाही, सिक्युरिटी प्रॉपर्टी आहे. मायनस डीने दिलेला आकडा जावा वाचतच नाही. तो 'जावा.सिक्युरिटी' फाइलमध्ये लिहावा लागतो, किंवा पहिलं नाव शोधण्याआधी कोडमधून द्यावा लागतो. चुकीच्या जागी लिहिलेलं बरोबर सेटिंग मला कोऱ्या जागेपेक्षा धोक्याचं वाटतं, कारण तिथे पुन्हा कोणी शोधायला जात नाही.

आम्ही फाइलमध्ये ३० लिहिलं. शून्य का नाही, असं मी विचारलं होतं. शून्य म्हणजे प्रत्येक नव्या कनेक्शनला नाव नव्याने विचारणं. डीएनएस क्षणभर अडखळलं की अ‍ॅप्लिकेशनही अडखळणार. नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते) हे आणखी जाणवतं. तिथे नेहमीचं लुकअप, म्हणजे नावावरून पत्ता शोधणं, काहीच साठवत नाही आणि मुळात चारच थ्रेड (कामं करणारे हात) असलेल्या पूलमधून जातं. लुकअप रखडले की त्याच पूलमधली फाइल वाचण्याची कामंही खोळंबू शकतात.

'हे नाव अस्तित्वात नाही' हे उत्तरसुद्धा साठवलं जातं. जावात ते साधारण १० सेकंद राहतं. रिझॉल्व्हरकडे (आपल्या वतीने डीएनएसला विचारणाऱ्या सर्व्हरकडे) ते किती काळ राहणार हे त्या डोमेनच्या झोनमधल्या एसओए या मुख्य रेकॉर्डवर ठरतं आणि तो काळ तासाभराचाही असू शकतो. म्हणून नवं नाव तयार होण्याआधी 'झालं का बघू' म्हणून विचारून पाहायची सवय मी पूर्ण सोडली.

एवढं करूनही कनेक्शन पूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शन्स, उरतोच. उघडं असलेलं कनेक्शन डीएनएसला काही विचारत नाही. जुनं मशीन जिवंत असेल तर जुनी कनेक्शन्स त्याच्याशीच बोलत राहतात. हिकारीसीपी या जावाच्या पूलमध्ये कनेक्शनचं कमाल आयुष्य मुळात ३० मिनिटं असतं, ते आम्ही हलवाहलवीपुरतं कमी करतो. पुढे एनजिनएक्स (विनंत्या मागच्या सर्व्हरकडे पाठवणारा वेब सर्व्हर) असेल आणि विनंती कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या 'प्रॉक्सी पास'मध्ये नुसतं नाव लिहिलेलं असेल, तर ते सुरू होताना शोधलेला अ‍ॅड्रेस रीलोड होईपर्यंत धरून बसतं. तिथे रीलोड करा, नाहीतर 'रिझॉल्व्हर' देऊन नाव व्हेरिएबलमधून द्या.

तीन आठवड्यांनी दुसरा डेटाबेस हलवायचा होता. त्याच्या रेकॉर्डचा टीटीएल ८६४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस. तो दोन दिवस आधीच ६० वर आणून ठेवला. रिझॉल्व्हरचे ६० आणि जावाचे ३०, मिळून फार तर ९० सेकंद लागतील असा हिशेब मी कागदावर मांडला होता. रेकॉर्ड बदलला आणि सहाही लॉग शेजारी शेजारी उघडून बसले. पहिला सर्व्हर विसाव्या सेकंदाला नव्या अ‍ॅड्रेसवर गेला, शेवटचा ब्याऐंशीव्या. या वेळी एकही रीस्टार्ट करावा लागला नाही.