कोळंबी जमली, कागद निर्दोष सुटला

चिनी शाईचित्र शिकतोय. कागदावरच्या सदतीस कोळंब्या रद्दीत गेल्यावर अडतिसावी जमली. अख्खी नाही, डोकं आणि पाठीची तीन कडी. पण कडा फुटल्या नाहीत!

मागच्या खेपेला कच्च्या श्वेन कागदाला (सरस न दिलेला, शाई पटकन शोषणारा चिनी कागद) घातलेल्या शिव्या परत घेतो. चिनी चित्रकार छी बायशींची कोळंबी आरपार दिसते ती फिक्या शाईच्या ओल्या फटकाऱ्यामुळे; तो अर्धवट वाळला की डोक्यात एक गडद रेघ. माझ्या प्रत्येक फटकाऱ्याभोवती मात्र पाण्याचा मळकट डाग पसरायचा आणि शाईतली काजळी मधेच गोळा होऊन बसायची. आधी वाटलं, विक्रेत्याने भलताच कागद गळ्यात मारला. मग पावसाला बोल लावला. चिपळुणात जुलैमध्ये पापड मऊ पडतो, तिथे कागदाचं काय? हेअर ड्रायर फिरवून झाला. तुरटी-सरस दिलेल्या पक्क्या कागदावरही काढून पाहिली: कडा नेटक्या, पण कोळंबी उकडलेली वाटावी अशी. सूक्ष्म कीटक रेखायला तो कागद उत्तम, इथे कुचकामी.

चोर निघाली शाई. शनिवारी सहाणेवर चंदन उगाळावं तशी काजळी-सरसाची शाईकांडी पाण्यात घासायची आणि तीच शाई रविवारी वापरायची, ही माझी काटकसर. काजळीला धरून ठेवतो तो सरस, आणि दमट हवेत रात्रभरात तोच नासतो. मग काजळीचे कण एकमेकांना चिकटतात आणि पाणी त्यांना मागे टाकून पुढे पळतं. एकाच कागदावर, एकाच कुंचल्याने शेजारी शेजारी दोन फटकारे मारले, एक ताज्या शाईचा, एक शिळ्या. बघताक्षणी कपाळावर हात मारला. बाटलीतली शाई अशी रातोरात नासत नाही हे खरं, पण पातळ केली की मला ती निर्जीव वाटते. कांडीच बरी.

आता पाय. बाजारातून कोळंबी आणून मोजत बसलो होतो, ते सगळं वाया. छी बायशींनी टेबलावर जिवंत कोळंब्या पाळल्या आणि वर्षानुवर्षं पाय कमीच करत नेले. शिवाय त्यांची कोळंबी गोड्या पाण्यातली, चीनच्या हूनान प्रांतातल्या घराजवळच्या तळ्यात लहानपणी पाहिलेली, लांब नांग्यांची. आपल्या समुद्री कोळंबीला तशा नांग्या कुठल्या? ओढ्यातले झिंगे मिळवायला हवेत. (बाजारातल्या नमुन्यांचं आईने कालवण केलं. नमुने चविष्ट होते.)

पुढे कोंबडीची पिल्लं काढणार होतो, ते रद्द. कारण ही शिळी शाई. चिनी चित्रकार तिला सू-मो म्हणतात (पैलवान नव्हे), आणि हुआंग बिनहोंग डोंगर रंगवताना ती मुद्दाम वापरायचे. जो डाग कोळंबीला मारतो तो चिखलात बसलेल्या म्हशीला शोभेल की! छी बायशी पोरवयात गुरं राखायचे. संध्याकाळी नातू परत येतोय हे कळावं म्हणून आजीने त्यांच्या गळ्यात घंटा बांधली होती. म्हातारपणी त्यांनी ‘घंटा बांधलेला’ अशा अर्थाचा शिक्काही वापरला.

तर म्हैस शिळ्या शाईने, पोरगा ताज्या. घंटेचा ठिपका अगदी शेवटी, कागद पूर्ण वाळल्यावर. तोवर शिळी शाई बरणीत साठवतोय. वास सुटलाय, आणि बरणी ओट्यावरून हलवायचा हुकूम आलाय.