खाली पेपर धरा

लातुरात मे महिन्यात दुपारी लाइट जाणं ही काही बातमी नाही. त्या दिवशी ती गेली तेव्हा भाचा खिडकीबाहेर कूलरचा अँगल बसवत होता. एरवी काम तिथंच थांबलं असतं. पण त्याच्या हातात बॅटरीवर चालणारं दांडगं ड्रिल मशीन होतं, त्यामुळं त्याला लाइट गेल्याचं कळलंही नाही. पंखा थांबला म्हणून आम्हाला कळलं.

“मामी, खाली पेपर धरा की,” तो म्हणाला.

बायकोनं कालचा पेपर धरला. मशीन घुर्रर्र झालं आणि पेपरवर आधी करडी भुकटी पडली. तो झाला गिलावा. मग एकदम लाल.

“वीट लागली,” मी म्हणालो.

“लागली,” भाचा म्हणाला.

आमच्यात एवढंच बोलणं झालं. पण ती लाल भुकटी पेपरच्या घडीत साठताना मी इतका टक लावून बघत होतो, की चिमूटभर उचलून बोटांनी कधी चोळायला लागलो ते मलाही समजलं नाही. बायकोला समजलं. “आता तोंडात घालू नका म्हणजे झालं,” ती म्हणाली. तिला आमच्या आबांची गोष्ट माहीत आहे.

ही माझी जुनी खोड आहे. कुणाच्याही घरी ड्रिल चालू असेल तर लोक मशीनकडं बघतात, मी खाली बघतो. भुकटीवरून घर कळतं. जुन्या कॉलन्यांमधून लाल पडते. नव्या अपार्टमेंटमधून राखेच्या विटेची करडी, नाहीतर त्या हलक्या ब्लॉकची पांढरीशुभ्र. पांढरी पडली की ओळखावं, इथं स्क्रूसाठी भोकात ठोकायची गिट्टी नीट धरायची नाही, जड काही टांगायचं तर वेगळा इलाज करावा लागेल. मध्येच आवाज बदलला, करडी भुकटी बारीक आणि कमी पडू लागली की समजायचं, कॉलम लागला. आणि भुकटीत लोखंडाचा चकचकीत कीस दिसला की मशीन तिथल्या तिथं थांबवून दोन बोटं बाजूला सरकायचं. ती सळई आहे, तिच्याशी भांडायचं नसतं.

भाचा सोलरची कामं घेतो. गच्चीवर पॅनलचे सांगाडे उभे करायचे, स्लॅबला अँकर, म्हणजे आत रुतून धरणारे जाड बोल्ट मारायचे, असली अवजड कामं. त्याचं मशीन म्हणजे घरगुती खेळणं नव्हे. भोक पाडणारी दांडी, म्हणजे बिट, जिथं बसतं त्या चकशेजारी त्याला आडवी मूठ आहे. ती मूठ शोभेची असते असं मला बरेच दिवस वाटायचं. एकदा मी विचारलं तर तो म्हणाला, “मामा, ती नाही धरली ना, तर मनगट घेऊन जातंय बगा.”

मग मी हिशोब केला. हिशोब करणं ही माझी दुसरी खोड. त्या मशीनवर 100 न्यूटन-मीटरच्या वरचा आकडा आहे. आपण 100च धरू. म्हणजे एक मीटर लांब दांडीच्या टोकाला दहा किलोचं वजन टांगल्यावर जेवढा पीळ पडेल, तेवढा. आता तुमची मूठ काही मीटरभर लांब नसते, वीतभरच असते. वीतभर अंतरावर तोच पीळ सांभाळायचा तर हाताला चव्वेचाळीस किलोच्या आसपास जोर लागतो. सिमेंटच्या पोत्याला सहा किलो कमी. बिट फिरत असतं तोवर हे जाणवत नाही. पण ते सळईत किंवा ओल्या बाभळीत अडकलं, की फिरणारं थांबतं आणि थांबलेलं फिरतं. म्हणजे तुम्ही. नवा गोऱ्हा दाव्याला हिसडा देतो तसा तो झटका खांद्यापर्यंत जातो.

तरी दुकानदार हे काही सांगत नाहीत. ते सांगतात व्होल्ट. शेजारच्यांनी “अठरापेक्षा वीसवालं भारी” म्हणून जास्तीचे पैसे मोजले. दोन्हीच्या बॅटरीत तेच पाच सेल ओळीनं बसवलेले असतात. एका सेलचे 3.6 धरले तर अठरा, नुकत्याच चार्ज केलेल्या सेलचे साधारण चार धरले तर वीस. मी त्यांना हे समजावून सांगायला गेलो, तेव्हापासून ते मला चहाला बोलवत नाहीत.

एक मात्र आहे. एवढा जोर असूनही भाचा तो भिंतीवर टाकत नाही. दांडग्या अंगाचे लोक मशीनवर रेलतात, घामाघूम होतात, बिट लालबुंद करतात आणि वर “भिंतच टणक हाय” म्हणतात. भाचा जरा आत जातो, थोडं मागं घेतो, भुकटी पडू देतो, पुन्हा आत जातो. अँकरचं भोक असेल तर ते आतून साफ व्हायलाच हवं. आत भुकटी राहिली तर अँकर भिंतीला धरत नाही, भुकटीला धरतो. त्यासाठी तो सायकलचा पंप बाळगतो. मी त्याला आईची चुलीची फुंकणी दिली. गॅस आल्यापासून ती माळ्यावर पडून होती. पंपापेक्षा फुंकणी चांगली हे माझं ठाम मत आहे. त्याचं तसं नाही, पण मामा म्हणून ऐकून घेतो.

बॅटरी तापली की चार्जर लाल दिवा लुकलुकवत बसतो, चार्ज करत नाही. मग ती माठाच्या तिवईखाली सावलीत ठेवून आम्ही चहा करतो. आमच्या उन्हाळ्यात या यंत्राचा निम्मा वेळ असाच जातो.

आबांची गोष्ट बोअरची आहे.

औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात पहिला बोअर घेतला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आदल्या दिवशी जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या येऊन गेला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो बांधाबांधानं फिरला आणि बोरीच्या झाडाजवळ नारळ उभा राहिला. वडिलांचा, म्हणजे आण्णांचा त्यावर विश्वास नव्हता. पण त्यांचा दुसऱ्याही कशावर नव्हता, म्हणून जागा तीच ठरली. गाडी आली रात्री. तमिळनाडूची गाडी, सोबत कॉम्प्रेसरची दुसरी गाडी, आणि त्यांच्यावरची लुंग्या खोचलेली माणसं, ज्यांचं बोलणं आम्हाला कळत नव्हतं आणि आमचं त्यांना. नारळ, हळदकुंकू, उदबत्ती झाली. आईनं पोराबाळांना मागं ओढलं. मग जो आवाज सुरू झाला, तो पार वेशीपर्यंत गेला असावा, कारण तासाभरात अर्धं गाव कंदील-बॅटऱ्या घेऊन बांधावर हजर.

बोअर बघायला गेलेलं माणूस पाणी बघायला जातं असं वाटतं. पण पाणी लागलं तर शेवटी लागतं. रात्रभर बघायचा असतो तो फुफाटा. वारा खाली दाबला जातो, खाली हातोडा खडक फोडतो, आणि तोच वारा फुटलेला खडक वर फेकतो. आधी माती, मग मुरूम. ते झपाझप गेलं. मग काळा खडक लागला आणि निळसर करडा फुफाटा उसळून सगळ्यांच्या अंगावर. पटके, भुवया, बैलांच्या पाठी, सगळं एका रंगाचं. रॉडवर रॉड जोडले जात होते आणि दर रॉडला आण्णांचा चेहरा उतरत होता, कारण पैसे फुटावर होते.

प्रत्येकाला त्या फुफाट्यातलं काहीतरी कळत होतं. “काळा हाय तंवर काय न्हाई.” “लाल येऊ द्या, लाल आला की लागतंय.” “आमच्याकडं लाल आलाता, तरी कोरडाच गेला की.” आमचा सगळा मुलूख लाव्ह्याच्या थरांचा. एक थर थंड झाला, त्याची वरची बाजू कुजून लाल झाली, त्यावर पुन्हा दुसरा थर. त्या दोन थरांच्या सांध्यात पाणी सापडायची आशा. बांधावरच्या एकानंही भूगर्भशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नव्हतं, पण लाल आला तेव्हा सगळे उठून उभे राहिले.

आबा पुढं गेले. फुफाटा ओंजळीत झेलला, कंदिलाजवळ नेला, बोटांनी चोळला आणि चिमूटभर जिभेवर ठेवला. आवाज एवढा की कुणी काही विचारूही शकत नव्हतं. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आबांनी बाजूला थुंकलं आणि हाताचा पंजा खाली दाबून खूण केली, चालू द्या.

पुढचं मी बघितलं नाही. मी आईच्या पदराखाली झोपलो. सकाळी उठलो तेव्हा गाडी गेली होती, बोरीच्या झाडाखाली करड्या-लाल चिखलाचा ढीग होता आणि आण्णा म्हणत होते, “इंचभर हाय.” तेवढ्या पाण्यावर आम्ही पुढं कितीतरी वर्षं काढली. आबांना जिभेवर नेमकं काय कळलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ओल कळली असेल. किंवा काहीच कळलं नसेल, आणि आण्णांचा धीर सुटू नये म्हणून त्यांनी हात खाली दाबला असेल.

वेरूळला गेलो की मला असाच प्रश्न पडतो. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, नुसत्या छिन्नी-हातोड्यानं. बरोबरचे लोक शिल्पं बघतात. मी गाइडला विचारलं, एवढा कोरून काढलेला दगड टाकला कुठं? त्याचीही भुकटी, कपऱ्या, ढीग झाले असतील, कुणीतरी पाट्या भरभरून वाहिल्या असतील. गाइडनं माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि बाकीच्यांना हत्तीकडं घेऊन गेला.

1961 साली ब्लॅक अँड डेकरनं बॅटरीवरचं पहिलं ड्रिल काढलं आणि दहाच वर्षांनी बॅटरीवरचंच ड्रिल चंद्रावर गेलं. त्याचा मोटरचा भागही त्याच कंपनीचा होता. 1971 मध्ये अपोलो 15च्या डेव्हिड स्कॉटला तीन मीटर खोल भोक पाडायचं होतं, ते निम्म्याच्या आसपास अडलं. जोर कमी पडला म्हणून नव्हे. दांडीवरच्या ज्या आट्यांमधून भुकटी वर यायची, त्या सांध्यांपाशी सलग नव्हत्या, आणि भुकटीला वाटच नव्हती. मातीचा नमुना काढायला घातलेली नळी तर अशी रुतली, की ती उपसायला दोघांना मिळून जोर लावावा लागला. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. तिथं कुणी फुंकणी नेली नव्हती. नेली असती तरी फुंकणार कशी, हेही खरंच.

भोक पाडण्याबद्दल मला काहीतरी मोठं सांगायचं होतं. चहा येईपर्यंत लक्षात होतं.

अँगल बसला. भाचा मशीन पुसत म्हणाला, “मामा, गावाकडं आजीच्या घरी इन्व्हर्टर बसवायचाय. मागच्या भिंतीला लावावं म्हणलालाव. दगडाचीय, हॅमर टाकला की झालं. लांब बिट आणलाव.” हॅमर टाकला की मशीन फिरता फिरता ठोकेही मारतं.

ती भिंत मला माहीत आहे. हातभर जाड आहे. बाहेरून काळा दगड, आतून काळा दगड. तिथं एकदा खुंटीसाठी ड्रिल लावलं होतं. आधी काळी भुकटी, बिट तापलेलं, आणि मग एकदम आत गेलं, जसं काही पुढं काहीच नाही. खाली पडली ती माती. दोन बाजूंना दगड आणि मध्ये बारीक दगडगोटे, माती. आमच्याकडची जुनी भिंत अशीच असते. बघायला किल्ला, आणि दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधणारा दगड आत नाही.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंपात याच भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जनाहून आलेले लोक नुकते आडवे झाले होते. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. 52 गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. दगड उचलायला पहारी होत्या आणि हात होते. आमच्या गावात भिंती फक्त फुगल्या, तडकल्या. पुढं कितीतरी महिने सगळं गाव घराबाहेर झोपलं. नंतर दुरुस्ती आली तेव्हा इंजिनियर सांगायचे, घण घालू नका. एकेक दगड हलवून सैल करा, हातानं काढा, आरपार भोक होऊ द्या, त्यात वाकवलेली सळई ठेवा, काँक्रीट भरा, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना धरतील. तशी भोकं आण्णांनी पुढच्या भिंतीला करून घेतली. पैसे तेवढ्यालाच पुरले. मागची राहिली.

भाच्याचा जन्म त्यानंतरचा. त्याला यातलं ऐकून माहीत आहे, पण ऐकून माहीत असणं म्हणजे हॅमरचं बटण फिरवताना आठवणं नव्हे.

मी त्याला म्हटलं, त्या भिंतीला मशीन लावायचं नाही. इन्व्हर्टर खणाच्या लाकडी खांबाला बसव, हॅमर बंद ठेवून, पहिल्या गिअरवर. आणि या रविवारी आपण दोघं जाऊ. भिंतीला लागून आईची बाज असते, ती आधी पुढच्या खोलीत आणू. ती ऐकायची नाही. तरी आणू. मग त्या भिंतीचं काय करायचं ते माणूस बोलावून बघू.