पोटखराबा

पहिल्या नोकरीतली एक फिल्डवही मी अजून जपून ठेवली आहे. तेरा वर्षांपूर्वीचा एप्रिल, रत्नागिरी जिल्ह्यातला एक सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार, तिथल्या खाणीचा प्रस्ताव, आणि तिच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालातल्या ‘वनस्पती व वन्यजीव’ या प्रकरणासाठी मिळालेले चार दिवस. एका पानावर 1 मीटर बाय 1 मीटरच्या वीस क्वाड्रॅटचे, म्हणजे झाडं मोजायच्या चौकटींचे, रकाने आहेत. त्यातल्या तेरा रकान्यांत मी एकच शब्द लिहिलाय: कातळ.

उन्हाळ्यात सडा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे नवल वाटणार नाही. जांभा असा तापतो की बूट घालूनही तळव्यांना झळ लागते. गवत वाळून गेलेलं, कुठे वणव्याने काळं पडलेलं. निवडुंग, करवंदीच्या दोनचार जाळ्या, कडेला एखादी रानजांभूळ. आमच्याबरोबर वाट दाखवायला गुरं राखणारे एक तात्या होते. दोरीची चौकट कातळावर ठेवून मी वाकून बघत बसले की ते लांब उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाले, “बाय, आता काय बगतेस हितं? मिरगात ये.”

मी हसून मान हलवली आणि पुढच्या बिंदूकडे निघाले. अहवाल मे अखेर द्यायचा होता.

त्या अहवालातलं एक वाक्य मी लिहिलं होतं: ‘प्रकल्पक्षेत्रात प्रदेशनिष्ठ अथवा दुर्मिळ वनस्पती आढळली नाही.’ (प्रदेशनिष्ठ म्हणजे त्या भागाबाहेर कुठेही न उगवणारी.) त्यात खोटं काही नव्हतं, मला खरंच आढळली नव्हती. पण ते वाक्य वाचणारा अधिकारी ‘आढळली’ या शब्दावर थांबत नाही. त्याच्या डोळ्यांना फक्त ‘नाही’ दिसतं, आणि तिथून पुढे प्रत्येक कागदावर ते ‘नाही’च चालत राहतं.

जुलैमध्ये दोन दिवसांची रजा टाकून मी पदरच्या पैशाने पुन्हा गेले. जीपीएसमधले तेच वीस बिंदू, तीच दोरीची चौकट. तेराव्या बिंदूवर, जिथे मी ‘कातळ’ लिहिलं होतं, तिथे बोटभर मातीच्या थरावरून पाणी झुळझुळत होतं आणि त्या एका चौकटीत मी अकरा प्रकारची झाडं मोजली. गेंदाची पांढरी बटणं. सीतेच्या आसवांची निळीजांभळी फुलं. जांभ्याच्या या पाण्यात नत्र जवळपास नसतं, म्हणून या इवल्या झाडाच्या पाण्यातल्या पिशव्या सूक्ष्म जीव पकडून पोट भरतात. शेजारी दवबिंदू, लाल केसांवर चिकट थेंब घेऊन किड्यांची वाट पाहणारा. आणि खळग्याच्या कडेला, मातीत कांदा रोवून उभी असलेली दिपकाडी. कोकण-गोव्याच्या पट्ट्याबाहेर जगात ती कुठेही उगवत नाही. रत्नागिरीकरांना ती चंपक मैदानामुळे माहीत असेल. बहर थोड्याच दिवसांचा, एकदा सरला की जमिनीखाली कांदा तेवढा उरतो. त्या कांद्यावर मी एप्रिलमध्ये उभी होते.

छत्री मानेत धरून, पेन्सिलीने ओल्या वहीत नावं लिहिताना मला रडू आलं. तात्या जवळच होते. ते काही बोलले नाहीत, फक्त खोळ सावरत चौकटीचं दुसरं टोक धरून बसले.

त्यानंतर मी नियम नीट वाचायला घेतले. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार आपल्याकडे पर्यावरणीय मंजुरी दिली जाते. खाण प्रकल्पांसाठी अभ्यासाची जी ठरावीक कार्यकक्षा दिली जाते, तिच्यात पायाभूत माहिती एका ऋतूची मागितलेली असते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून. हवेच्या धूलिकणांपुरतं ते समजू शकतं, पावसात धूळ खाली बसते. पण त्याच ओळीत हवा, पाणी, आवाज, माती यांच्या जोडीला वनस्पती आणि प्राणीही येतात. जे सडे फक्त जून ते सप्टेंबर जिवंत दिसतात, त्यांची नोंद कायद्याने मार्चमध्ये किंवा डिसेंबरमध्ये घेतली तरी चालते. मंजुरीनंतरची देखरेखही अशीच. अटींच्या पालनाचे अहवाल दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचे असतात. प्रत्यक्षात माणसं जागेवर जातात ती तारखेच्या आधीच्या पंधरवड्यात. म्हणजे मे अखेर आणि नोव्हेंबर अखेर. पुन्हा कातळ.

प्राण्यांचं तर आणखी कठीण. आंबोलीजवळच्या एका कामात मी हे अनुभवलं. तिथला आंबोली टोड 2009 साली शास्त्राला नवा म्हणून नोंदवला गेला, आणि आज तो जगातल्या अतिसंकटग्रस्त उभयचरांत मोडतो. पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या उथळ डबक्यांत थोडे दिवस त्याची जुगणी चालते. एरवी तो दगडांखाली असतो. हिवाळ्यात तिथे महिनाभर ट्रान्सेक्ट, म्हणजे नोंदीसाठी आखलेल्या सरळ रेषा, चालत राहिलात तरी तुमच्या तक्त्यात त्याचं नाव येईलच असं नाही. (दगड उलटून बघताना तो पुन्हा होता तसाच ठेवायचा, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. त्याखाली फुरसंही असतं आणि फुरशाचं घरही.)

माझ्या या धंद्यात सगळेच प्रामाणिक आहेत असं मी म्हणणार नाही. रत्नागिरीतल्याच एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात स्प्रूस आणि बर्चची जंगलं निघाली होती. रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उतरवला होता. ते उघडकीला आलं, कारण कोकणात स्प्रूस नाही हे कुणालाही कळतं. माझ्या एप्रिलच्या अहवालातली चूक मात्र कुणीच पकडली नसती. त्यातली प्रत्येक नोंद खरी होती. म्हणूनच मला ती जास्त टोचते.

आता मी काम घेतानाच पावसाळ्याच्या दोन फेऱ्या लिहून घेते, एक मृगानंतर आणि एक भाद्रपदात. दोनदा कामं हातची गेली आहेत. सोपं नसतं हे काम. वर्तमानपत्रात दाबलेले नमुने पावसात वाळत नाहीत, रोज रात्री चुलीच्या ऊबेला कागद बदलत बसावं लागतं. गेंदाच्या जाती तर फुलावरून ठरतच नाहीत, पिकलेलं बी सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं, म्हणजे तिसरी फेरी आलीच. आणि तक्त्याच्या वर मी तारखा, तास आणि किती माणसं चालली ते लिहिते. ‘आढळली नाही’ असं लिहिते तेव्हा त्याच ओळीत ‘सर्वेक्षण डिसेंबरमधले’ असंही लिहिते.

तुमच्या गावात प्रकल्प येत असेल तर एवढं करा. जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी निघते आणि अहवालाचा सारांश मराठीत द्यावाच लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत तो बघायला मिळतो. सारांशावर थांबू नका, मूळ अहवाल मागा, जीवसृष्टीचं प्रकरण उघडा आणि आधी तारखा शोधा. मग गावातल्या गुरं राखणाऱ्या आणि रानभाज्या आणणाऱ्या माणसांना विचारा की त्या महिन्यात तिथे काय असतं आणि काय नसतं. हे सुनावणीत उभं राहून बोला. बोललेलं इतिवृत्तात यावं लागतं.

त्या सड्यावरची खाण झाली नाही. त्याचं श्रेय माझ्या वहीला नाही, प्रस्ताव वेगळ्याच कारणाने बारगळला. पण माझ्या वीसपैकी सात बिंदूंवर आता हापूसच्या बागा आहेत. सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरून माती आणून लावलेल्या. बागेसाठी कुठलाही अहवाल लागत नाही. आंब्यावर घर चालणाऱ्या माणसाला मी दोष कसा देऊ? तरी त्या सात आकड्यांवर वहीत काट मारताना हात जड होतो.

तात्या गेले. आता दर जुलैत त्यांची सून येते माझ्याबरोबर. चौकटीचं दुसरं टोक ती धरते, आणि दिपकाडी माझ्याआधी तिला दिसते. गेल्या वर्षी तिने घरून सातबारा आणून दाखवला. तेरावा बिंदू त्यांच्याच जमिनीत येतो, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. त्या तुकड्यापुढे लिहिलं होतं: पोटखराबा. म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन.

“ह्यात ह्या फुलाचं नाव कुठं लिवायचं, ताई?” तिने विचारलं. सातबाऱ्यावर तसा रकाना नाही. मग आम्ही, गावातल्या जीवसृष्टीची नोंद जिच्यात ठेवतात त्या लोक जैवविविधता नोंदवहीसाठी ग्रामपंचायतीत गेलो. वही कपाटात होती, सड्याचं पान कोरं होतं. त्यावर तिने तिच्या अक्षरात अकरा नावं लिहिली आणि पुढे महिना घातला, आषाढ.