‘दिसू लागणे’ इंग्रजीत लिहिताना

कामासाठी नियमितपणे इंग्रजीत लिहू लागल्यावर असे ध्यानात आले की, एखादी गोष्ट दिसू लागली एवढे साधे सांगायचे असले तरी माझ्या हाताशी ‘बिकेम व्हिजिबल’ हा एकच प्रयोग असे. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही, आणि धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसू लागल्याचे शास्त्रीय टिपण लिहायचे असेल तर तोच शोभतो. मात्र धुके विरल्यावर दिसणारा डोंगर, हरवून सापडलेली किल्ली आणि दडपलेला गैरव्यवहार या तिन्हींसाठी तोच वापरला, की सगळा मजकूर प्रयोगशाळेच्या नोंदवहीतून उतरवल्यासारखा वाटतो.

शब्दांच्या याद्या पाठ करून फारसे साधले नाही, कारण ‘अपिअर’, ‘इमर्ज’, ‘टर्न अप’, ‘कम टू लाइट’ यांच्यापुढे मराठी अर्थ जवळजवळ सारखाच छापलेला असतो. खरा उपयोग झाला तो इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशातल्या उदाहरणवाक्यांचा. ती वाचताना मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारू लागले: दिसण्याआधी ही गोष्ट कुठे होती? अंतरामुळे किंवा मध्ये काही आड आल्यामुळे ती दिसत नसेल, आणि चालता चालता वळण संपले किंवा धुके हटले, तर ती ‘केम इंटू व्ह्यू’. कशाच्या तरी आत असून बाहेर आली, तर ‘इमर्ज्ड’. या क्रियापदाच्या लॅटिन मुळातच पाण्यातून वर येण्याची कल्पना आहे, म्हणून त्याच्यामागे ‘फ्रॉम’ सहज येतो आणि बोगद्यातून आगगाडी बाहेर पडते तेव्हा ते चपखल बसते. शोधूनही सापडत नसलेली किल्ली ‘टर्न्स अप’, आणि न कळवता दत्त म्हणून दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्यालाही हेच क्रियापद लागते.

‘कम टू लाइट’ मात्र लोकांना ठाऊक नसलेल्या किंवा कोणी दडवलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवावे लागते. मराठीतले ‘उजेडात येणे’ त्याच्याशी इतके जुळते, की इथे मला अजिबात अडखळावे लागले नाही. सरावासाठी मी इतिहासातल्या घटना घेत असे. रोझेटा शिला १७९९ साली इजिप्तमध्ये सापडली, म्हणून ती ‘केम टू लाइट’. हॅलेचा धूमकेतू १९८६ साली दिसला आणि २०६१ मध्ये पुन्हा दिसणार हे आधीच ठाऊक आहे, म्हणून त्याला ‘अपिअर’. या ‘अपिअर’ला कर्मणी प्रयोग चालत नाही, ‘प्रकट झाला’ या रचनेतल्या ‘झाला’मुळे त्याच्याआधी ‘वॉज’ घालण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा.

सर्वांत अधिक वेळ घेतला तो ‘कम आउट’ने. पाऊस थांबल्यावर सूर्य ‘कम्स आउट’, रात्री तारे ‘कम आउट’, नवे पुस्तक आणि दडलेले सत्यही ‘कम आउट’; पण कपड्यावरचा डाग ‘केम आउट’ म्हणजे तो दिसू लागला नव्हे, तर धुतल्यावर निघून गेला. पांढऱ्या कापडावर डाग उठून दिसतो असे म्हणायचे असेल, तर ‘शोज अप’. हेच ‘शो अप’ माणसाबाबत वापरले की तो हजर झाला असा अर्थ होतो, आणि मध्ये कर्म घातले की त्याला चारचौघांत ओशाळवाणे केले असा. इतक्या लहान शब्दांवर एवढा भार टाकणे हे इंग्रजीचे नेहमीचेच आहे, आणि परकीय शिकणाऱ्याला त्याचा त्रास होतो तो रास्तच म्हणावा लागेल.

शब्दांइतकीच वाक्याची घडणही बदलावी लागली. मराठीत ‘मला डोंगर दिसतो’ म्हणताना डोंगर हा कर्ता असतो आणि पाहणारा ‘मला’मध्ये बाजूला उभा असतो, तीच घडण इंग्रजीत नेली की ‘द हिल इज व्हिजिबल टू मी’ असे अवघडलेले वाक्य तयार होते. इंग्रजीत पाहणाऱ्यालाच कर्ता करून ‘आय कॅन सी द हिल’ म्हणणे सहज असते. त्यात ‘कॅन’ने क्षमता सुचवायची नसते आणि ‘आय अॅम सीइंग’ही इथे चालत नाही. अचानक नजरेस पडले असेल, तर ‘आय कॉट साइट ऑफ इट’.

‘साइट’च्या आधीच्या शब्दयोगींना मात्र माझा प्रश्न लागू पडला नाही. ‘इन साइट’ म्हणजे दृष्टिपथात, ‘ऑन साइट’ म्हणजे दिसताक्षणी, ‘अॅट फर्स्ट साइट’ म्हणजे प्रथमदर्शनी. ही तीन रूपे मी सरळ पाठ केली.