गेममध्ये लिहिलेली कथा कोणाची?

फोंडा, म्हापसा, मडगावची मुलं रोलप्ले सर्व्हरवर, म्हणजे खेळाडू एकेक पात्र होऊन मिळून गोष्ट लिहितात अशा ऑनलाइन गेममध्ये, देवचाराच्या, राखणदाराच्या (लोककथांतल्या गावराख्या शक्तींच्या) कथा छान रचतात. देवचार सगळ्यांचाच, पण त्याच्यावर तुम्ही लिहिलेले प्रसंग आणि संवाद तुमचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहून झालं की हक्क लेखकाचा, नोंदणी सक्तीची नाही. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण मिळत नाही.

गोम असते ती ‘आय अ‍ॅग्री’च्या बटणात. बऱ्याच कंपन्या तिथे मालकी मागत नाहीत, परवाना घेतात: जगभर, विनामोबदला, फेरफार करण्याच्या मुभेसह. पण अटींत ‘असाइन’ दिसलं तर थांबा, तिथे हक्कच देऊन टाकायला सांगितलेलं असतं. गेममधलीच पात्रं वापरली असतील तर कथा पुस्तकात छापण्याआधी कंपनीची परवानगी घ्या.

सर्वात किचकट म्हणजे आळीपाळीने लिहिलेली कथा. कोणाचा वाटा कुठला हे वेगळं काढता आलं नाही, तर हक्क सामाईक होतो आणि दुसऱ्याच्या संमतीशिवाय ती प्रकाशकाला देता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच चार ओळींचा करार ईमेलवर करा. प्रत्येक भाग आधी आपल्या संगणकावर तारखेसह जपा. सर्व्हर बंद पडला की मजकुराबरोबर पुरावाही जातो.