पखवाज शेतात नेला तेव्हा

गावच्या देवळाचा जुना सभामंडप उतरवून तिथे स्लॅबचा हॉल बांधायचं ठरलं, तेव्हा मला आधी भजनाची काळजी वाटली. जुना मंडप म्हणजे जांभ्याच्या बुटक्या भिंती, वर लाकडी वासे, त्यावर कौलं आणि तीन बाजू उघड्या. तिथे आवाज कोंडत नाही. नवा हॉल आराखड्यात 8 मीटर लांब, 6 रुंद, 4 उंच. चारी बाजूंना गुळगुळीत प्लास्टर, खाली लाद्या. हे सगळे पृष्ठभाग सरासरी 3 टक्के आवाज शोषतील असं धरून सबाइनच्या सूत्रात आकडे घातले, तर रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला जवळजवळ 5 सेकंद लागतात. बुवांचा पखवाज एकदा द्रुतात शिरला की एका सेकंदात कितीतरी बोल पडतात. ते सगळे एकमेकांवर चढणार.

पण ‘5 सेकंद’ या आकड्यावरून कमिटीतल्या कुणाला काय कळणार? त्यांना ऐकवायला हवं होतं. म्हणून हॉल कॉम्प्युटरवर उभा करायचा, त्याचे बारीक घन पाडायचे, पखवाजाचं रेकॉर्डिंग एका घनात सोडायचं आणि दुसऱ्या घनात हवेचा दाब मोजून तो हेडफोनवर वाजवायचा, असं ठरवलं.

घन किती बारीक पाडायचे ते रेकॉर्डिंगच ठरवतं. सेकंदाला 44,100 सॅम्पल (आवाजाचे मोजलेले नमुने), म्हणजे एका सॅम्पलच्या वेळात आवाज 7.78 मिलिमीटर जातो. कूरंट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी 1928 साली दाखवून दिलेली, गणित हाताबाहेर जाऊ नये म्हणूनची अट पाळायची, तर तीन मितींत घनाची बाजू याच्या 1.73 पट तरी हवी. मी 13.5 मिलिमीटर घेतली. तेवढ्या हॉलचे 7 कोटी 80 लाख घन होतात. प्रत्येकात दाब आणि तीन दिशांचे वेग साठवायला सव्वा जीबी मेमरी लागते, तेवढी माझ्या मशीनमध्ये आहे. अडचण निराळीच होती. एका तरंगलांबीत निदान दहा घन बसले नाहीत, तर ती लहर ग्रिडमध्ये रेंगाळत, उशिरा पोचते. या मापात ती मर्यादा सुमारे 2,500 हर्ट्झवर येते. त्यावरचं सगळं रेकॉर्डिंगमधून आधीच गाळून टाकावं लागतं. झांजेचा खणखणाट बहुतेक त्याच्या वरच असतो, म्हणून झांज बाजूला ठेवली. 5,000 हर्ट्झपर्यंत जायचं तर काम सोळा पट वाढतं.

पहिलं रेकॉर्डिंग मी एकादशीला मंडपातच, फोनवर केलं होतं. ते हॉलमध्ये सोडलं आणि बुवांना ऐकवलं. त्यांनी हेडफोन काढून हातात दिला. “हो माजो पखवाज न्हय गो बाय.”

त्यांचं बरोबर होतं, आणि कारणं शोधायला मला तीन आठवडे लागले. एक तर त्या रेकॉर्डिंगमध्ये जुना मंडप होताच. मी मंडपासकट पखवाज हॉलमध्ये नेऊन ठेवला होता. शिवाय फोन स्वतःच मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर उचलतो, त्यामुळे थापेतला जोर गेला. मग मी उगमाच्या घनातला दाब दर पावलाला, म्हणजे दर सॅम्पलला, रेकॉर्डिंगच्या किमतीवर बसवत होते. असं केलं की तो घन परतून आलेल्या लहरींना जुमानत नाही, हवेत टांगलेल्या खड्यासारखा त्यांना परतवत राहतो. तिथे किंमत बसवायची नसते, आहे त्या दाबात भर घालायची असते.

भर घालायला लागले तरी धुमेची, म्हणजे डाव्या पुडीची, थाप बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यासारखी पोकळ येत होती. इथे मी सगळ्यात जास्त अडकले. दाब आणि वेग वेगवेगळे धरून सोडवलेल्या गणितात एका घनात सोडलेला सिग्नल दूर पोचतो तो जसाच्या तसा नाही, तर त्याच्या बदलाचा दर म्हणून. म्हणजे दर सप्तकाला खालचा आवाज निम्मा होत जातो. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात ती नेमक्या त्या खालच्या आवाजासाठी, आणि तोच माझं गणित खात होतं. उपाय म्हणजे रेकॉर्डिंगचं आधी संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, करून मग ते आत सोडायचं. पण रेकॉर्डिंग शून्यापासून केसभर जरी सरकलेलं असेल, तरी संकलनात ती चूक साचत जाते आणि सगळा हॉल दाबाने फुगतो. म्हणून आधी सरासरी वजा करायची आणि 40 हर्ट्झच्या खालचं काढून टाकायचं.

यातलं काहीही केलं तरी मंडपासकट केलेलं रेकॉर्डिंग सुधारणार नव्हतं. मार्गशीर्षात, भात कापून झाल्यावर, बुवा पहाटे वारा पडलेला असताना पखवाज घेऊन मळ्यात आले. खाली जाड पेंढा पसरला, त्यावर घोंगडी. माइक पुडीपासून हातभर अंतरावर, फोनऐवजी साधा रेकॉर्डर, आवाजाची पातळी हाताने बांधलेली. बुवांनी कणीक तिथेच मळून लावली. भिंत नाही, छप्पर नाही, असा पखवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. थाप पडली की लगेच शांत.

वादक एका जागी बसलेला असेल तर आता मी रेकॉर्डिंग आत सोडतही नाही. एक बारीक टिचकी सोडून हॉलचं उत्तर एकदाच काढून घेते आणि मळ्यातलं रेकॉर्डिंग नंतर त्याच्याशी गुंफते, म्हणजे प्रत्येक सॅम्पलमागे त्याच्या जोराइतकं ते उत्तर लावून सगळ्यांची बेरीज करते. भिंती, वादक आणि ऐकणारा जागचे हलत नसतील तर दोन्हींचं फळ एकच. पालखी मात्र मंडपात फिरते आणि पखवाज तिच्याबरोबर, म्हणून तो भाग सॅम्पलमागून सॅम्पल, जागा बदलत सोडावाच लागतो.

परवा बुवांना दोन्ही ऐकवले, आधी जुना मंडप, मग नवा हॉल. पहिल्यावर त्यांची बोटं मांडीवर चालू लागली. दुसऱ्यावर आठ-दहा मात्रांत थांबली. बराच वेळ ते गप्प होते. मग त्यांनी विचारलं, भिंतीचा वरचा दीड मीटर जांभ्याची जाळी ठेवली तर काय होईल?

जाळीची भोकं 13.5 मिलिमीटरच्या घनांत नीट बसवता येतात. नवा आराखडा भरून झालाय, आज रात्री रन लावते. कमिटीची बैठक रविवारी आहे.