फियाटला पॉवर स्टिअरिंग का बसवले नाही?

ठाण्याच्या नौपाड्यातून माझी १९६८ सालची फियाट ११०० बाहेर काढली की कोणी ना कोणी थांबून चौकशी करते. रंग, इंजिन, सुटे भाग मिळतात का, हे सगळे विचारून झाले की प्रश्न हमखास स्टिअरिंगवर येतो: ताई, या वयात एवढे जड चाक ओढण्यापेक्षा नव्या गाडीचे पॉवर स्टिअरिंग का बसवून घेत नाही? मी साठी ओलांडली आहे आणि विचारणारे आपुलकीने विचारतात. या प्रश्नाचे उत्तर राम मारुती रोडवर हॉर्नच्या गोंगाटात देता येत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

गाडी वडिलांची. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेली. हेच मॉडेल पुढे प्रीमिअर पद्मिनी या नावाने घरोघरी पोहोचले. माझ्या हातात आली तेव्हा तिच्या स्टिअरिंगबद्दल दोन तक्रारी होत्या. गल्लीत जागच्या जागी वळवताना चाक जड लागे आणि घोडबंदर रोडवर जरा वेग घेतला की तेच चाक सैल वाटे; माजिवड्यापासून गायमुखापर्यंत गाडी सरळ ठेवण्यासाठी सतत डावीकडे-उजवीकडे सावरत राहावे लागे. जडपणा आणि सैलपणा हे एकाच दुखण्याचे दोन भाग आहेत असे मलाही तेव्हा वाटत होते, परंतु त्यांची कारणे वेगवेगळी असतात. पॉवर स्टिअरिंग त्यांतला फक्त जडपणा घालवते, आणि धोका असतो तो सैलपणात.

सैलपणा कोठे आहे हे शोधायला महागडे यंत्र लागत नाही. भाच्याला स्टिअरिंगवर बसवले, पुढची चाके जमिनीवर सरळ ठेवली आणि त्याला स्टिअरिंग हलके हलके डावी-उजवीकडे हलवत राहायला सांगितले. मी वाकून प्रत्येक सांध्यावर तळहात ठेवत गेले. या गाडीत स्टिअरिंग बॉक्सला, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याखालच्या पेटीला, जोडलेला हात (ड्रॉप आर्म) मधला रॉड ओढतो, त्या रॉडचे दुसरे टोक पलीकडच्या बाजूच्या आयडलरवर, म्हणजे नुसता आधार देणाऱ्या हातावर, तोललेले असते आणि दोन्ही बाजूंचे टाय रॉड चाके वळवतात. एका टाय रॉडच्या टोकाशी हाताला बारीक टकटक जाणवली. आयडलरवर हात ठेवला तेव्हा खरी गोष्ट कळली: तो आडवा सरकण्याआधी चक्क वर उचलला जात होता. त्याचे बुश, म्हणजे आतली आधाराची नळी, पार झिजलेले होते. चाके न वळवता तीन बोटे रिकामे फिरणाऱ्या स्टिअरिंगचा निम्मा दोष बॉक्सच्या बाहेरच होता.

उरलेल्या दोषासाठी वागळे इस्टेटमधल्या आमच्या मिस्त्रींनी बॉक्स उघडला. आत स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला पेचासारखे आटे असलेला वर्म असतो आणि त्या आट्यांत फिरणारा रोलर ड्रॉप आर्मच्या शाफ्टवर बसवलेला असतो. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळे वर्म मधल्या भागात झिजतो आणि टोकांना जवळजवळ नवा राहतो. म्हणूनच वरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले (रिकामे फिरणे) काढायचा म्हटले, तर मध्ये जरा बरे वाटते आणि पूर्ण वळणावर रोलर टोकाला अडकू लागतो. वडिलांच्या काळात एका गॅरेजने नेमके हेच केले होते. शिवाय ऑइल सील गळत होते, तेव्हा सील बदलण्याऐवजी नव्वद नंबरच्या गिअर ऑइलच्या जागी बॉक्समध्ये ग्रीस भरले होते. ग्रीस ऑइलसारखे वाहून परत येत नाही. रोलर त्यात एकदा वाट कोरतो आणि मग त्या कोरड्या वाटेनेच फिरत राहतो. आमच्या बॉक्समधले ग्रीस काळ्या मेणासारखे घट्ट झाले होते आणि त्यात रोलरच्या मापाची स्वच्छ खाच पडली होती. मिस्त्रींनी वर्म रॉकेलने धुऊन उन्हात धरला, नखाने मधला भाग चाचपला आणि म्हणाले, “ताई, हा घासलाय, पण खड्डे नाहीत. चालेल.” वर्मवर किंवा रोलरवर खड्डे पडले असते, तर मात्र अ‍ॅडजस्ट करण्यात काही अर्थ नव्हता, बॉक्स बदलणे हाच उपाय उरला असता.

शाफ्टचे बुश, सील, आयडलरचे बुश आणि टाय रॉडची चारही टोके नवी घातली, स्क्रू जपून अ‍ॅडजस्ट केला, ऑइल भरले आणि टो-इन (पुढची चाके समोरून किती आत वळलेली आहेत ते) तपासून घेतले. रिकामे फिरणे एका बोटावर आले. जडपणाची कारणे याहून साधी निघाली: किंगपिनचे, म्हणजे पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिचे, बेअरिंग कोरडे, टायरमध्ये हवा कमी आणि मूळच्या ५.२०-१४ मापाऐवजी कोणीतरी हौसेने घातलेले रुंद टायर. मूळ मापाला जुळणारे टायर घातल्यावर गल्लीतला निम्मा त्रास संपला.

बॉक्सऐवजी रॅक-अँड-पिनिअन, म्हणजे दातेरी पट्टी आणि छोट्या गिअरची स्टिअरिंग यंत्रणा, बसवण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. रॅक उत्तम यंत्रणा आहे, यात वाद नाही, परंतु तो दुसऱ्या गाडीतून काढून या गाडीत घालताना भूमिती जुळवावी लागते. रॅकचे आतले सांधे सस्पेन्शनच्या आर्मच्या हालचालीशी जुळले नाहीत, तर प्रत्येक खड्ड्यात चाक वर-खाली होताना आपोआप वळते. घोडबंदर रोडवर याचा अर्थ काय होतो ते ठाणेकरांना सांगायला नको. शिवाय या फियाटला हँड गिअर आहे, म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशीच असतो आणि गिअरचे रॉड स्टिअरिंगच्या दांड्यालगतच खाली जातात. एक बदलले की दुसऱ्याला हात लावावाच लागतो. गाडीला वेगळी चॅसिस (खालचा सांगाडा) नाही, त्यामुळे रॅकसाठी जागा करणे म्हणजे बॉडीच कापणे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची, तर ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. मला ती नोंदणी हवी आहे.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचे मात्र मी मनापासून ऐकून घेतले, कारण वाशीच्या माझ्या एका मैत्रिणीने खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते आपल्या पद्मिनीला बसवले आहे आणि तिच्यासाठी ते योग्यच आहे. त्याशिवाय तिची गाडी उभीच राहिली असती. त्यात मोटर स्टिअरिंगच्या दांड्यावरच बसते, त्यामुळे खालचा बॉक्स तसाच राहतो. पण ती मोटर वळताना भरपूर करंट खेचते आणि वीज निर्माण करणाऱ्या जुन्या डायनॅमोला ते झेपत नाही, म्हणून तिला आधी जास्त वीज देणारा अल्टरनेटर बसवावा लागला. गाडीच्या वेगाची खबर मोटरला मिळाली नाही, तर पाम बीच रोडवरही चाक पार्किंगइतकेच हलके राहते. मी तिची गाडी चालवून पाहिली. एका बोटाने चाक फिरत होते, पण सरळ रस्त्यावर ती दुरुस्तीआधीच्या माझ्या फियाटसारखीच भटकत होती. आम्ही दोघींनी मिळून खाली हात घालून पाहिले, तर आयडलरचे बुश तसेच झिजलेले. पुढच्याच आठवड्यात तिने ते बदलून घेतले.

माझा खांदा अजून साथ देतो आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून शोधून आणलेला एक जादा बॉक्स, वर्मवर एकही खड्डा नसलेला, ऑइलच्या फडक्यात गुंडाळून मी कॉटखाली ठेवला आहे.